लेम्पीआत्या आणि ट्रॅक्टरचं डावं चाक

आमच्या गावात कुणाच्या ट्रॅक्टरचं चाक काढायचं असलं की आधी लेम्पीआत्याला बोलावणं जायचं, आणि ती आली की सगळे मिळून तिची टिंगल करायचे. बोलावणारे तेच, टिंगल करणारेही तेच.

हिवाळ्यात ती बर्फावरची घसरगाडी रेटत यायची. गाडीच्या पुढच्या खुर्चीवर लोक म्हाताऱ्या आईला बसवून चर्चला नेतात; लेम्पीआत्याच्या खुर्चीवर बर्चच्या लाकडाचे ठोकळे असायचे, दोरीनं नीट बांधलेले, वर घोंगडं पांघरलेलं.

"ठोकळ्यांना थंडी वाजते होय गं?" पलीकडच्या शेतावरचा उर्पो विचारायचा.

"ओले झाले तर घसरतात. तुझ्यासारखे."

"चाक काढायचंय, लेम्पी. बाप्तिस्मा नाही करायचा."

"तुझा झालाय ना एकदा? मग गप उभा राहा. पुढची चाकं अडवलीस?"

"गिअरमध्ये आहे की."

"गिअरचं कोण विचारतंय?"

मग उर्पो मुकाट्यानं दगड आणायला जायचा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड. नट जमिनीवरच थोडे ढिले करून घ्यायचे, चाक हवेत गेल्यावर पान्ह्याला लटकायचं नाही. आणि त्यानंतर तिची ती पाचर. जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधोमध एका खिळीवर डुलत असतो. शेत उंचसखल असलं तरी चारही चाकं जमिनीला राहावीत म्हणून. पण मागचं एक चाक उचललं की तीच खिळी वैरीण होते. वरचं सगळं धूड तिच्यावर डोलायला मोकळं. म्हणून लेम्पीआत्या पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायची आणि मगच जॅकला हात लावायची. चार बोटं वर, एक ठोकळा आत. पुन्हा चार बोटं, पुन्हा ठोकळा, आधीच्याला आडवा. शेवटी सगळा भार जॅकवरून ठोकळ्यांवर उतरवायचा, आणि ट्रॅक्टरला बाजूनं खांदा देऊन चांगला हलवून बघायचा. तो पडायचाच असेल तर आत्ता पडू दे, खाली कुणी नसताना.

एवढं झालं की ती गुडघ्यावर बसून ठोकळ्यांजवळ कान न्यायची. इथे हमखास हशा पिकायचा.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, उर्पोचं तोंड बंद कर, आम्हाला ऐकू येत नाही."

हसू नका. एकोणीस हिवाळे ती नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत कामाला होती. वसंतात पाण्यात सोडायचे ओंडके तिथे घराएवढ्या थप्प्या रचून ठेवतात. थप्पी कोसळायच्या आधी आतून बोलते, एक बारीक करकर, कुणी दातांखाली साखर चावावी तशी. ती करकर ऐकून लेम्पीआत्यानं दोनदा माणसं बाहेर काढली होती. "लाकूड आधी सांगतं," ती म्हणायची. "सिमेंटचा ठोकळा काही सांगत नाही. तो असतो आणि मग नसतो." उर्पोनं एकदा हौसेनं सिमेंटचे पोकळ ठोकळे आणले होते. आत्यानं त्यातला एक त्याच्यादेखत वरून पहार टाकून फोडला, आणि उरलेले कोंबड्यांच्या खुराड्याला लावून टाकले.

ती माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. सासऱ्यांचं नाव रेइनो. तिच्याहून आठ वर्षांनी लहान, आणि त्या आठ वर्षांचा राग त्यांनी पन्नाशी उलटली तरी सोडला नव्हता. आई लवकर गेल्यामुळे आत्यानंच त्यांना वाढवलं. शेत रेइनोंच्या नावावर, घर रेइनोंच्या नावावर. पण ट्रॅक्टर कुणाचा हे विचारलं तर दोघंही दुसरीकडे बघायचे. लग्न तिनं केलं नाही. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, पहाटे चौदा गाईंची धार काढायची, आणि मी सून म्हणून या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "पोरी, तुला जॅक लावता येतो का?" मी नाही म्हटलं. "बरं झालं. चुकीचं शिकली नाहीस."

ते चाकाचं झालं ते मार्चच्या शेवटी, एका मंगळवारी.

दलदलीपलीकडे हिवाळाभर तोडलेली आमची लाकडं पडली होती. दलदल गोठलेली असते तोवरच तिच्यावरून रस्ता. एकदा वितळली की पुढच्या डिसेंबरपर्यंत तिकडे कावळाच जाईल. रेडिओवर सांगितलं होतं, शुक्रवारपासून ऊब येणार. निम्मी लाकडं आणून झाली होती. सोमवारी संध्याकाळी परतताना तोडलेल्या बर्चचा एक टोकदार बुंधा ट्रॅक्टरच्या मागच्या डाव्या टायरमध्ये घुसला. ट्यूब गेली, आणि धक्क्यानं चाकाचा एक बोल्ट मुळापासून तुटला.

मंगळवारी सकाळी उणे आठ होतं. आत्या बोल्ट आणि ट्यूब आणायला गावातल्या दुकानात गेली. जाताना दारातून म्हणाली, "मी येईपर्यंत वर उचलू नकोस."

"नाही उचलत," रेइनो म्हणाले.

ती वळणाआड गेली आणि त्यांनी जॅक बाहेर काढला.

मी खिडकीतून पाहत होते. खरं सांगायचं तर त्यांनी काही घाई-गडबड केली नाही. दगड लावले. पाचरी ठोकल्या. ठोकळे आडवे-उभे रचले, तिच्याच पद्धतीनं, अगदी तिच्यासारखे ओठ घट्ट मिटून. टायरमध्ये उरलेलं पाणी मात्र काढावं लागलं, कारण भरलेलं चाक एका माणसाला हलत नाही. आमच्याकडे मागच्या टायरांत पाणी भरतात, वजन यावं आणि चाक जंगलात जागच्या जागी गरगरू नये म्हणून. आणि ते थंडीत गोठू नये म्हणून त्यात पोत्यातून येतं ते कडू मीठ कालवतात. त्या टायरात आत्यानंच ते सप्टेंबरात भरलं होतं. रेइनोंनी चाक फिरवून भोक खाली आणलं आणि पाणी सोडून दिलं. अंगणाच्या उतारानं ते वाहत गेलं, वरच्या भुसभुशीत बर्फात शिरलं आणि दिसेनासं झालं.

एक गोष्ट त्यांनी केली नाही. अंगणात हिवाळाभर तुडवून तुडवून वीतभर जाडीचा बर्फ झाला होता, दगडासारखा. आत्याचा नियम असा की ठोकळा ठेवायच्या जागी पहारीनं तो बर्फ फोडायचा, माती लागेपर्यंत. त्याला पाऊण तास लागतो. रेइनोंनी ठोकळे बर्फावरच रचले.

आत्या परतली तेव्हा चाक निघून गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं होतं.

"उचलू नकोस म्हटलं होतं."

"तुझ्यासारखंच केलंय. बघ हवं तर. चुका काढ."

तिनं पाहिलं. पुढे जाऊन दगड पायानं ढकलून पाहिले. पाचरीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. ट्रॅक्टरला खांदा दिला, एकदा, दोनदा. धूड जागचं हललं नाही. गुडघ्यावर बसली, ऐकलं. मग तिची नजर ठोकळ्यांच्या पायाशी गेली आणि तिथे जराशी थांबली. मी पायरीवर उभी होते, मला ते थांबणं दिसलं.

"काय?" रेइनो म्हणाले.

"काही नाही." ती उठली. "ठीक आहे. कर."

"ऐकलंस का सूनबाई? आज भिंतीवर लिहून ठेव. लेम्पी ठीक आहे म्हणाली."

तुटलेल्या बोल्टचा बुडखा मागच्या बाजूनं ठोकून काढायचा होता. त्यासाठी रेइनो एक पोतं अंथरून त्यावर पाठीवर पडले आणि मागच्या एक्सलखाली सरकले. छाती आणि हात बाहेरच्या अंगाला, कमरेपासून खालचं सगळं आत. घणाचा आवाज सुरू झाला. तीन ठोके, थांबणं, तीन ठोके. आम्ही दोघी आत आलो. मी कॉफी ठेवली, आत्यानं आमच्याकडच्या रीतीनं चिजाचे तुकडे करून कपांत टाकले. ती खिडकीशी बसली, बाहेर कान देऊन. मला कळत होतं ती घण ऐकत नाहीये, त्याच्यामागचं काहीतरी ऐकतेय.

"काही ऐकू येतंय का, आत्या?"

"नाही."

"मग चांगलं आहे ना?"

ती खिडकीच्या आणखी जवळ सरकली.

अर्ध्या तासानं ती कॉफीचा कप घेऊन बाहेर निघाली, मी पावाची ताटली घेऊन मागे. थंडी तशीच होती, श्वासाचा धूर होत होता. ट्रॅक्टरपासून चारेक पावलांवर आत्या थांबली. खाली पाहिलं. एक पाय उचलला, पुन्हा टेकवला.

तिच्या पायात फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट होते. ते कोरड्या थंडीतच घालायचे. पाणी लागलं की स्पंजासारखं पितात. तिनं पुन्हा पाय उचलला. तळव्याखालचं फेल्ट काळं पडलं होतं.

"उणे आठात ओलं?" ती स्वतःशीच म्हणाली.

ती वाकली, बर्फाचा वरचा पापुद्रा बाजूला केला, खालच्या राखाडी चिखलात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिचा चेहरा मी आजवर विसरले नाही. त्यावर भीती नव्हती. हिशेब चुकला कुठे हे सापडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा झाला होता.

कप तिनं बर्फावर नीट ठेवला.

"रेइनो. बाहेर ये."

"दोन ठोक्यांचं काम राहिलंय."

"राहू दे. हळू बाहेर ये. कशाला हात लावू नकोस."

"आली बघ तपासनीस," खालून आवाज आला. "सूनबाई, हिला सांग, हिनंच पास केलंय."

"रेइनो, खालून पाणी गेलंय. टायरातलं, मिठाचं. ठोकळ्यांखालचा बर्फ खातंय ते."

घण थांबला. मग एक खसखस झाली, अंग सरकवल्यासारखी. पुन्हा झाली. आणि मग रेइनोंचा आवाज आला, निराळाच, टिंगल काढून घेतलेला.

"पट्टा कुठंतरी अडकलाय माझा."

मी वाकून पाहिलं. पट्टा अडकला नव्हता. ते आत शिरले तेव्हा त्यांच्या मांड्या आणि एक्सल यांच्यात दोन मुठी जागा होती. आता त्यांची जाड, कापूस भरलेली थंडीची विजार एक्सलखाली दाबली गेली होती, दोन्ही मांड्यांवर, उशीवर हात ठेवावा तशी. ठोकळ्यांची सगळी रास उजवीकडे कलून, जशीच्या तशी, खालच्या गाळात बसत चालली होती. एकही ठोकळा तडकला नव्हता. लाकूड कशाला बोलेल? लाकडाला काही झालंच नव्हतं.

"जॅक वर घेऊ?" मी विचारलं.

"जॅक त्याच बर्फावर आहे."

"उर्पोंना फोन करते."

"त्याला यायला वीस मिनिटं." तिनं कमरेची सुरी काढली. "मी म्हटलं की ओढ. मी काही म्हटलं नाही आणि हे हललं, तरी ओढ. आधी मला नाही, त्याला. त्याच्या काखेत हात घाल."

"मग तुम्हाला कोण?"

"पोरी, मी सांगते तेवढं कर."

ती पोटावर पडली आणि त्यांच्या बाजूनं आत शिरली, डोकं आणि उजवा हात एक्सलखाली. मी रेइनोंच्या काखांत हात घालून बसले. त्यांचा चेहरा माझ्या गुडघ्यांत होता आणि ते आभाळाकडे पाहत होते.

"नवी विजार आहे ती," ते म्हणाले.

"पाय सैल सोड."

"ख्रिसमसला घेतलेली."

"रेइनो, मांडी ताठ करू नकोस. ताठ केलीस तर मला कापड आणि तू वेगळे कळत नाहीत."

कापड फाटण्याचा आवाज आला. लांब, सावकाश. एक पाय, कमरेपासून बुटापर्यंत. मग दुसरा. दुसऱ्याच्या मध्येच ती थांबली. माझ्या हातांखाली रेइनोंचं सगळं अंग आखडलं.

"काय झालं?" ते म्हणाले.

"काही नाही. माझी टोपी अडकली."

टोपी अडकली नव्हती. टोपीला एक्सल लागला होता. हे तिनं मला नंतर सांगितलं. बोटभर खाली आला, म्हणाली, श्वास सोडल्यासारखा.

"ओढ," ती म्हणाली.

मी ओढलं. आधी काहीच झालं नाही, मग केळीच्या सालीतून केळं निघावं तसे रेइनो लोकरीच्या लांब चड्डीत बाहेर आले, एक बूट आतच राहिला. मी त्यांना सोडून आत्याचे घोटे धरायला वळले, पण ती मागे सरकत आपली आपण येत होती, कोपरांवर, अगदी सावकाश, झोपलेल्या बाळाच्या पाळण्याखालून निघावं तशी.

आम्ही तिघं पाच पावलांवर उभे राहिलो. ट्रॅक्टर तसाच होता. काही झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. रेइनोंच्या पायांतून वाफ निघत होती.

"आत चला," आत्या म्हणाली.

आत बसलो. मी त्यांच्या पायांवर घोंगडं टाकलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रॅक्टरची धुराची उभी नळी, धुराडी, तेवढी दिसते, मागे गोठ्याच्या फळ्या. रेइनोंनी एक कप संपवला, दुसरा घेतला. रंग परत आला, आणि रंगाबरोबर तोंडही.

"उभा आहे की अजून."

"हं."

"म्हणजे विजार उगाच फाडलीस. दोन ठोके राहिले होते. मी आता बाहेरूनच हात घालून..."

"नाही."

"शुक्रवार येतोय, लेम्पी. निम्मी लाकडं पलीकडे आहेत."

"असू देत."

"मी आत जात नाही. नुसता हात घालतो." ते घोंगड्यासकट उठले. दाराकडे निघाले. आत्या त्यांच्याआधी उठली नाही, ओरडली नाही. नुसती खिडकीकडे पाहत म्हणाली, "धुराडी कितव्या फळीसमोर आहे?"

"काय?"

"मोज. डावीकडून."

त्यांनी वाकून पाहिलं. "सातव्या."

"आत आलो तेव्हा पाचव्यासमोर होती."

ते दारात थांबले. आम्ही तिघंही पाहत राहिलो. सातवी फळी उघडी पडली, मग आठवी झाकली गेली. अंगणातून कसलाही आवाज येत नव्हता. करकर नाही, तडतड नाही. आठवी फळीही उघडी पडली आणि मग धुराडी एकदम खिडकीतून निघून गेली, आणि जमिनीतून एक धक्का पायांना लागला. फळीवरच्या कपबश्या किणकिणल्या.

रेइनो परत येऊन बाकावर बसले. घोंगडं घसरलं होतं, ते त्यांनी ओढून घेतलं.

"तू ठीक आहे म्हणालीस," ते म्हणाले. टोमणा नव्हता. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं.

"म्हणाले."

"बर्फ फोडला नव्हता मी."

"दिसलं मला."

"मग?"

आत्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या मनगटाला गाळ लागला होता आणि तो आता वाळून पांढरा पडत होता, मिठासारखा. "शुक्रवार दिसला मला," ती म्हणाली. "बर्फ दिसला आणि शुक्रवारही दिसला. आणि तू इतकं सगळं बरोबर केलं होतंस. कधी नव्हे ते."

रेइनो हसले नाहीत. आत्याही.

लाकडं त्या वर्षी पलीकडेच राहिली. मागच्या एक्सलचं लोखंडी कवच तडकलं होतं, ते सांधून येईपर्यंत मे उजाडला. निम्म्या लाकडांना बुरशी लागली. रेइनो गावात विजारीचीच गोष्ट सांगायचे, हातवारे करून, आणि लोक पोट धरून हसायचे. टोपीचं मात्र आत्यानं त्यांना कधी सांगितलं नाही, मीही नाही.

लेम्पीआत्याला लोक अजून बोलावतात. ती जाते. बर्फ मातीपर्यंत फोडून घेते, पाणी बादलीत काढून दूर नेऊन ओतायला लावते. पण एक बदल झालाय. पूर्वी तपासून झालं की ती घरी निघून यायची. आता ती जात नाही. उपडी बादली घेऊन ठोकळ्यांसमोर बसते, चाक परत चढेपर्यंत, उणे वीस असलं तरी. कान नेत नाही. नुसती बघते. उर्पो एखादा विनोद करतो, ती उत्तर देत नाही. मग तोही गप्प होतो आणि ट्रॅक्टरखाली काम करणारा माणूस, जो कुणी असेल तो, जरा भराभर हात चालवू लागतो.

कॉफी नेऊन दिली तर ती घेते. पण डोळे ठोकळ्यांवरून काढत नाही, त्यामुळे कप हातात द्यावा लागतो, बोटं धरून.